खोललेलं आणि फोडलेलं : स्मोलांदच्या दलदलीतल्या जुन्या गाड्या

दक्षिण स्वीडनमधल्या स्मोलांद प्रांतात रीड नावाचं लहानसं गाव आहे. गावाबाहेर जंगलात शुर्क्यो मोस्से ही दलदल आहे आणि तिथे पाइन-बर्चच्या झाडांत दीडशेच्या आसपास जुन्या मोटारी अंगावर शेवाळ घेऊन उभ्या आहेत. व्होल्वो, साब, ओपेल, फोर्ड, फोक्सवॅगन. बहुतेक १९५० आणि ६०च्या दशकांतल्या. गंजलेल्या गाड्यांचे फोटो काढणाऱ्या इकडच्या मंडळींना ही जागा चांगली माहीत आहे. मी गोथेनबर्गला राहूनही जाणं होत नव्हतं. यंदा बाबा दिवाळीला इकडे आले आणि ठरलंच.

बाबा कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये प्रेस शॉपला होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेली ही कंपनी. कुर्ल्यात आधी डॉज आणि प्लिमथ जोडल्या गेल्या, मग फियाट ११०० आली आणि तिचीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, म्हणजे मुंबईची काळी-पिवळी. सपाट पत्रा प्रेसखाली घालून त्याचं दार, मडगार्ड, बॉनेट करणं हे बाबांचं नोकरीभरचं काम. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे धावत नाही. त्या दिवशी बाबा जेवायलासुद्धा उठेनात, असं आईने फोनवर सांगितलं होतं.

इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांना गोथेनबर्गच्या ‘वर्ल्ड ऑफ व्होल्वो’मध्ये नेलं. २०२४ साली उघडलेलं हे संग्रहालय सुंदर आहे, आवर्जून बघावं असं. पण बाबांनी एका गाडीच्या दाराची कड चाचपायला हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला. घरी येताना ट्राममध्ये म्हणाले, “पत्र्याला हात लावल्याशिवाय गाडी कळत नाही गं.” मी त्याच रात्री रीडजवळ राहण्याची सोय बघितली.

शुक्रवार

दुपारी निघालो. बोरोस, वार्नामो करत साधारण पावणेतीनशे किलोमीटर. रस्ता चांगला, गर्दी नाही. वार्नामोच्या पुढे जंगल दाट होत गेलं आणि बर्चची पिवळी पानं वाऱ्याने रस्त्यावर येऊ लागली.

ओस्नेन सरोवराच्या काठी उर्शुल्ट नावाचं गाव लागतं. हा भाग सफरचंदांसाठी प्रसिद्ध आहे. ऑक्टोबरमध्ये घरोघरी फाटकाबाहेर टेबलं मांडलेली, त्यावर सफरचंदांच्या पिशव्या, किमतीची चिठ्ठी आणि पैसे टाकायला डबा. माणूस कुणी नाही. बाबांनी पिशवी उचलण्याआधी दोनदा विचारलं, “नक्की घ्यायची ना?” नाणी नसतील तर चिठ्ठीवरच्या नंबरावर मोबाइलने पैसे पाठवायचे. सफरचंदं लहान, आंबटगोड आणि चावलं की कडकन आवाज करणारी. मुक्कामी पोचेपर्यंत निम्मी पिशवी संपली.

मुक्काम एका शेतघरात होता. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या, पाय दुखरा असूनही सगळं स्वतः करणाऱ्या. जुन्या गाड्या बघायला आलोय म्हटल्यावर त्यांनी बाबांच्या बुटांकडे बघितलं, आत गेल्या आणि रबरी गमबूट घेऊन आल्या. बरोबर मापाचे निघाले.

जाणाऱ्यांसाठी इथेच सांगून ठेवते. गमबूट हवेतच, जमीन जागोजागी पायाखाली दबते. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी घेतलेलं असावं, गंजक्या पत्र्याच्या कडा पानांखाली लपलेल्या असतात. या भागात गोचिड्या पुष्कळ आहेत आणि त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार आणि मेंदूज्वराचा एक प्रकार होऊ शकतो. थंडी पडली म्हणजे त्या संपल्या असं समजू नका. पँट मोज्यांत खोचा आणि परत आल्यावर अंग नीट तपासा. नियमित जंगलात जाणाऱ्यांनी मेंदूज्वराची लसही घ्यावी.

शनिवार

सूर्योदय साडेसातनंतर. आम्ही अंधारातच पोचलो. गाडी लावायला छोटी जागा आहे, माहितीचा फलक आहे, तिकीट नाही. धुकं होतं, पाऊस नव्हता. फोटोसाठी याहून चांगली हवा मागून मिळत नाही. ऊन पडलं की झाडांच्या सावल्यांचे पट्टे गाड्यांवर पडतात आणि सगळं फाटकं दिसतं. ढगाळ हवेत शेवाळाचा हिरवा आणि गंजाचा तांबडा दोन्ही रंग भरून येतात.

पहिली गाडी दिसली तेव्हा आम्ही दोघंही थांबलो. व्होल्वो पीव्ही. पाठ गोलाकार, टपावर बोटभर जाड शेवाळ, त्यात रुजलेली बर्चची दोन रोपटी. जिथे इंजिन असायचं तिथे नेच्यांची झुडपं. मी ट्रायपॉड लावायला घेतला. बाबा मात्र गाडीपाशी गेले, वाकले आणि दाराच्या चौकटीवरून अंगठा फिरवू लागले.

“वीस गेज असेल,” ते म्हणाले. “चांगला पत्रा होता.”

ही जागा कशी तयार झाली ते सांगायला हवं, नाहीतर हे नुसतं गंजाचं प्रदर्शन वाटेल. ओके डानिएल्सन नावाच्या माणसाने १९३०च्या दशकात ही दलदल घेतली ती पीट काढण्यासाठी. पीट म्हणजे दलदलीत साचत गेलेल्या कुजक्या वनस्पतींचा थर, तो वाळवून जळणासाठी आणि गुरांच्या खाली अंथरायला वापरतात. महायुद्धात बाहेरून कोळसा येईना तेव्हा पीटला मागणी होती. युद्ध संपलं, मागणी गेली. मग डानिएल्सनने जुन्या गाड्या घेऊन त्यांचे भाग विकायचा धंदा सुरू केला. तो इथेच, दलदलीच्या काठी, स्वतः उभारलेल्या लहानशा खोपट्यात एकटा राहायचा. म्हातारपणी वृद्धाश्रमात गेला आणि २००० साली वारला. गाड्या हलवून जागा साफ करावी असा विषय निघाला होता, पण टिंग्सरीडच्या नगरपालिकेने शेवटी ठरवलं की २०५० पर्यंत गाड्या इथेच राहू द्यायच्या. पुढे निसर्ग जे करील ते.

मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. जपणं म्हणजे रंग देऊन काचेमागे ठेवणं एवढंच आपण समजतो. इथे एका सरकारी कार्यालयाने ‘हात लावायचा नाही’ हेच जपणं मानलं.

तासभर मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने फोटो काढले. हेडलाइटच्या उंचीवर कॅमेरा, समोरून, म्हणजे गाडी आपल्याकडे बघतेय असं वाटतं. फुटक्या काचेतून आतलं स्टीअरिंग. सीटच्या स्प्रिंगांतून वर आलेलं रोप. बाबा मागून येऊन कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत होते. मग म्हणाले, “तू सगळीकडे एकच फोटो काढतेयस. इकडे ये.”

त्यांनी मला एका फिकट निळ्या साबपाशी नेलं. बॉनेट नव्हतं, दोन्ही हेडलाइट नव्हते, डावं दार नव्हतं. मी त्या गाडीला ‘काही उरलेलंच नाही’ म्हणून सोडून दिलं होतं.

“बिजागरी बघ,” बाबा म्हणाले. दार जिथे असायचं तिथे बोल्टची भोकं होती, गोल, स्वच्छ, कडा शाबूत. “हे खोललंय. रिंग पान्याने, सावकाश. ज्याने खोललं त्याला ते दार वापरायचं होतं.” मग त्यांनी पलीकडच्या ओपेलचा मागचा दिवा दाखवला. लाल प्लास्टिकचे तुकडे अजून कडेला चिकटलेले, पत्रा आत दबलेला. “आणि हे फोडलंय. कुणीतरी मजा म्हणून.”

त्यानंतर ही जागा मला वेगळी दिसायला लागली. इथे जे नाही ते सगळं कुठेतरी गेलेलं आहे. हेडलाइट गेला तो दुसऱ्या साबला लागला, ती साब पुढे काही वर्षं चालली, कुणाला कामावर घेऊन गेली, कुणाचं बाळ दवाखान्यातून घरी आणलं. जुन्या गाड्यांच्या अशा जागांना सगळे स्मशान म्हणतात, आणि तिथेच चूक होते असं मी आता ठामपणे म्हणेन. हे दुकान होतं. गिऱ्हाईक यायचं, भाग बघायचं, भाव व्हायचा, पाने निघायचे. चोरबाजारात आणि कुर्ल्याच्या भंगार गल्ल्यांत बाबांनी जन्मभर हेच पाहिलं होतं, म्हणून त्यांना ते पहिल्या तासात दिसलं.

मग आम्ही फक्त खोललेल्या जागा शोधत हिंडलो. वायपर काढून घेतलेली पीव्ही. चारही चाकं नेलेली आणि म्हणून पोटावर बसलेली बीटल. मीटर काढल्यामुळे डॅशबोर्डला राहिलेलं गोल भोक, त्यात कोळ्याचं जाळं, जाळ्यावर दव. बाबा भोकं दाखवत गेले, मी फोटो काढत गेले. मध्येच ते एखाद्या मडगार्डाला टिचकी मारत आणि आवाजावरून सांगत, “इथे पुटी भरलीय, ठोकलेली गाडी आहे.” पीव्हीच्या दोन पिढ्या ओळखायची खूण मी त्यांना सांगितली. ४४४ची पुढची काच दोन तुकड्यांची, मध्ये पट्टी. १९५८ला आलेल्या ५४४ची काच सलग आणि बाकदार. यानंतर ते प्रत्येक पीव्हीपाशी आधी काचेची चौकट बघत.

एका गोष्टीने मात्र ते बराच वेळ अडले. सगळ्या गाड्यांची स्टीअरिंगं डावीकडे. पण यातल्या बऱ्याचशा गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूने धावलेल्या आहेत, कारण स्वीडनने उजवीकडून चालायला सुरुवात केली ३ सप्टेंबर १९६७ला, पहाटे पाच वाजता, सगळ्या देशाने एकदम. “म्हणजे ओव्हरटेक करताना ड्रायव्हरला समोरचं दिसायचंच नाही?” बाबांनी विचारलं. तसंच होतं. बदल करण्यामागे हेही एक मोठं कारण होतं.

फोटो काढणाऱ्यांसाठी थोडं. पोलरायझर फिल्टर न्याच. ओल्या पानांवरची आणि काचेवरची पांढरी चमक तो मारतो आणि रंग खुलतात. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, कॅमेरा हिरवा रंग जास्त झाला असं समजून शेवाळ करडं करून टाकतो. ‘क्लाउडी’वर बांधून ठेवा. झाडीत उजेड कमी, त्यामुळे एफ ८ आणि आयएसओ १०० ठेवलं तर शटर अर्धा-एक सेकंद उघडं राहतं. ट्रायपॉडचे पाय पीटमध्ये हळूहळू रुततात, म्हणून ते आधी दाबून बसवा आणि मग फोकस करा. थंडीत बॅटरी लवकर उतरते, जादाची आतल्या खिशात ठेवा. गाडीच्या आत शिरू नका, तळाचा पत्रा कुजलेला असतो. आणि एक विनंती. काहीही हलवू नका, सजवू नका. एका सीटवर कुणीतरी फोटोसाठी बाहुली आणून ठेवली होती. तिचा इथे काही संबंध नाही.

साडेअकराच्या सुमाराला परत आलो तर आमच्या गाडीशेजारी नारिंगी टोप्या घातलेली चार माणसं शेकोटी करून बसलेली. शिकारी. दक्षिण स्वीडनमध्ये ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारपासून एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. हे माहीत असल्यामुळे आम्ही दोघांनी भडक पिवळी जाकिटं घातली होती. त्यांनी ती पाहून मान डोलावली आणि बसायला सांगितलं. कॉफी दिली, काठीला टोचून भाजलेली सॉसेजं पुढे केली. बाबा शनिवार पाळतात, म्हणून त्यांनी नम्रपणे नको म्हटलं आणि पिशवीतून आईने पाठवलेल्या चकल्यांचा डबा काढला. त्या चौघांपैकी एकाने चकली उलटसुलट करून बघितली आणि पहिला प्रश्न विचारला तो, हा आकार कोणत्या यंत्रातून काढता.

तो माणूस ओलोफस्ट्रॉमच्या व्होल्वो कारखान्यात होता. प्रेस शॉपमध्ये.

मी दुभाषी होते, पण दहा मिनिटांत माझी गरज संपली. डाय, ब्लँक, टन, क्रॅक हे शब्द दोघांकडे सारखेच. बाकीचं हातांनी. बाबांनी तळहातावर दुसरा हात दाबून दाखवलं की खोल ओढ देताना पत्रा कोपऱ्यात कसा फाटायचा. समोरच्याने मान हलवत स्वतःच्या टोपीची कड दुमडून दाखवलं, इथेच, अजूनही. मग त्याने जे सांगितलं त्याने बाबा उठून उभे राहिले. या दलदलीतल्या व्होल्वोंचा पत्रा ओलोफस्ट्रॉममध्येच दाबलेला आहे. १९२७ला व्होल्वोची पहिली गाडी निघाली तेव्हापासून ते गाव व्होल्वोला बॉडीचे भाग देत आलंय, १९६९ साली व्होल्वोने तो कारखानाच विकत घेतला. आणि ओलोफस्ट्रॉम इथून पंचवीस किलोमीटरवर आहे.

बाबा पुन्हा आत गेले. दुपारी धुकं उठलं, पाऊस सुरू झाला, तरी ते पीव्हीच्या मडगार्डांची आतली बाजू बघत होते. मी चाकांच्या खळग्यांत साचलेल्या पाण्याचे फोटो काढले, त्यावर केशरी गंजाची साय धरलेली. स्मोलांदच्या लोकांनी शेकडो वर्षं अशाच तळ्यांच्या आणि दलदलींच्या तळातलं लोहखनिज उपसून लोखंड गाळलं आहे, हे कळल्यावर त्या पाण्याकडे नुसतं घाण पाणी म्हणून बघवत नाही.

धनत्रयोदशी होती. संध्याकाळी शेतघराच्या ओसरीवर पणती लावली, मालकीणबाईंनी शेजारी स्वतःची मेणबत्ती आणून ठेवली. जेवायला मुगाची खिचडी आणि त्यांच्याकडचं लिंगनबेरीचं लोणचेवजा आंबटगोड. ही जोडी जमते, करून बघा.

रविवार

न्याहारीला मी कॅमेऱ्यावरचे फोटो मालकीणबाईंना दाखवत होते. दार नसलेल्या गाडीचा फोटो आला तेव्हा त्या थांबल्या. त्यांच्या वडिलांकडे निळी व्होल्वो ड्युएट होती, सामान वाहायची. गाय धडकून तिचं दार गेलं, ते दलदलीतल्या त्या माणसाकडून आणलं. मिळालं ते करड्या रंगाचं. वडील म्हणाले, रंगाचे पैसे वाचवू, आणि गाडी विकेपर्यंत ती तशीच चालली, निळी गाडी, करडं दार. शाळेत मुलं चिडवायची. हे सांगताना त्या अजूनही जराशा रागावलेल्या होत्या. बाबांना मी मराठीत सांगितलं तेव्हा ते आनंदाने म्हणाले, “बघ, म्हटलं नव्हतं!”

परतीची वाट वाकडी करून ओलोफस्ट्रॉमला गेलो. रविवार असल्याने फाटक बंद, आत जायचा प्रश्न नव्हता. लांबच लांब शेड, रुळांचे फाटे, कुंपण. बघण्यासारखं काही नाही असं कुणीही म्हणेल. बाबा कुंपणाच्या कडेने शेवटपर्यंत चालत गेले आणि आले. कुर्ल्याचा कारखाना बंद झाला, तिथे आता इमारती आहेत, रस्त्याला तेवढं प्रीमियर रोड हे नाव राहिलंय. “इथे प्रेस चालू आहे,” ते म्हणाले. “उद्या सकाळी पाळी लागेल.”

वाटेत एका कॅफेत स्मोलांदची ओस्टकाका खाल्ली. नावात चीज असलं तरी हा आपल्या ओळखीचा केक नव्हे. दूध रेनेट, म्हणजे चीज जमवायचं विकर, घालून फाडायचं, त्यात बदाम घालून भट्टीत भाजायचं. कोमट असताना मुरंबा आणि साय घालून देतात. तोंडात टाकल्यावर थेट खरवसाची आठवण येते. बाबांनी दुसरी वाटी मागवली.

जायचं असेल तर ऑक्टोबर नाहीतर एप्रिलचा शेवट ते मेचे पहिले दिवस निवडा. उन्हाळ्यात नेचे कमरेइतके वाढतात, गाड्या अर्ध्या झाकतात आणि डासही असतात. जवळ टिंग्सरीड आणि उर्शुल्टला राहायची सोय होते. स्वतःची गाडी असणं जवळजवळ गरजेचं. निदान एक पूर्ण दिवस द्या. आणि शक्य असेल तर गॅरेजमध्ये, कारखान्यात हात काळे केलेलं कुणीतरी सोबत न्या.

घरी आल्यावर बाबांनी माझ्या सगळ्या फोटोंतून निवड केली ती बिजागऱ्यांची आणि बोल्टच्या भोकांची, आणि ते फोटो प्रीमियरच्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले. रात्रीतून तिकडे वाद पेटला. साब ९६चं बॉनेट पुढच्या बाजूला बिजागरीवर असतं, सगळंच्या सगळं पुढे कलंडतं, हे काहींना पटेना. सुरुवातीच्या साब ९६ला तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन होतं, पेट्रोलमध्ये तेल घालून चालवायची, हे ऐकल्यावर तर एकाने थेट पुरावा मागितला. दलदलीतल्या साबची इंजिनं कधीच कुणी खोलून नेलेली आहेत. साबचं संग्रहालय त्रोलहेत्तानला, इथून तासाभरावर. भाऊबीज झाली की पुढच्या शनिवारी तिकडे जातोय. बॉनेट उघडून ठेवलेली एखादी तरी असेलच, असं बाबांनी ग्रुपवर लिहून टाकलंय.